खाण्यापुरती ज्वारी

माझ्या बापानं मायला सोडलं तेव्हा मी जेमतेम तीन वर्षांची होते. मला त्यातलं काही आठवत नाही, पण ऐकून ऐकून सगळं पाठ आहे. मामाच्या गावात बायकांना बोलायला दुसरं काही उरलं नाही की त्या मायची काडीमोड काढायच्या. मी समोर बसलेली असले तरी काढायच्या. पोरीला काय कळतंय, असं म्हणायच्या. पोरीला सगळं कळत होतं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मामाचं गाव शहागडपासून पायी जाण्याइतक्या अंतरावर होतं आणि बापाचं गाव गोदावरीच्या अगदी काठाला. मी झाले, नंतर मायला मूल राहिलं नाही, म्हणून बापानं दुसरी बायको केली. मायचं म्हणणं एवढंच होतं की सवतीच्या हाताखाली भाकरी थापणार नाही. ती मला काखोटीला मारून माहेरी आली आणि परत गेली नाही. शेवटी आजीनं, बापाच्या आईनं, पंच बसवले. नांदायचं नाही तर नाव तरी कशाला ठेवायचं, असं तिचं रोखठोक बोलणं. पंचांनी बापाच्या हातात गवताची काडी दिली. त्यानं ती सगळ्यांसमोर मोडली. मायनं गळ्यातली पोत काढून खाली ठेवली. आमच्या जातीत बायको अशी सुटायची.

पण काडी बापानं मोडली होती, म्हणून मायला खावटी ठरली. दरसाल मळणी झाली की बापाच्या खळ्यावरून चार पोती ज्वारी आणि एक लुगडं. त्याला पंचांनी अटी घातल्या. खावटी घ्यायला बाईनं स्वतः यायचं, भाऊ पाठवायचा नाही. बाईनं पाट लावला, म्हणजे दुसरं लग्न केलं, की खावटी बंद. आणि ज्वारी फक्त खायची. विकायची नाही आणि पेरायची तर मुळीच नाही. ही शेवटची अट ऐकून मला आजही राग येतो. धान्य कुणी कुणाला द्यावं आणि वर त्यानं ते कसं संपवावं हेही सांगावं!

मामा तसा भांडणाला भिणारा माणूस, पण बहिणीसाठी तो एकदा जुन्या जालन्यात वकिलाकडं जाऊन आला होता. अदालतीचं कामकाज सगळं उर्दूत. वकिलानं त्याला नवा शब्द शिकवला, नान-नफका. म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायचं अन्नवस्त्र. मामा खूश झाला. मग वकिलानं विचारलं, काडी मोडली म्हणता, तर ही बाई बायको कुठं राहिली? नान-नफका बायकोला असतो. मामा हात हलवत परत आला. म्हणजे मायच्या पोटाला आधार होता तो पंचांच्या शब्दाचा, आणि पंच बापाच्या गावचे.

खळ्यावर मी दरसाल मायबरोबर जायची. उफणणी झालेली असायची, राशीपाशी आजी पदर सावरून बसलेली असायची. आधी बलुतेदारांना वाटा मिळायचा. सुतार यायचा, त्यानं वर्षभर पेरणीची तिफण-पाभर दुरुस्त केलेली असायची. चांभार, न्हावी, कुंभार, एकेक जण यायचा, पसरलेल्या कापडात ज्वारी घ्यायचा, दोन शब्द थट्टेचे बोलायचा आणि जायचा. सगळ्यांत शेवटी माझी माय. तिच्याशी थट्टा कुणी करत नसे. ती खळ्याच्या कडेला चप्पल काढून, डोक्यावरून पदर ओढून उभी राहायची. बाप तिच्याकडं बघत नसे. गडी पोती भरून आमच्या गाडीत टाकायचा आणि आजी दरसाल तेच म्हणायची, "खा, सुखानं खा." त्या 'सुखानं' शब्दात काय काय भरलेलं असायचं ते लहान असूनही मला समजायचं.

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी असं म्हणतात. माय टाळी वाजवत नव्हती, पण तिला मान खाली घालावी लागायची, आणि ते टाळीपेक्षा वाईट.

गाडीत बसल्यावर मी एकदा विचारलं होतं, "माय, सुतार काम करतो म्हनून त्याला ज्वारी. तू काय काम करतीस?"

"मी काई बी करत न्हाई," ती म्हणाली. "त्याचीच ज्वारी हाय ती."

आमच्या शेजारी पिंजाऱ्याचं घर होतं. त्या घरातली लेक तलाक होऊन माहेरी आलेली होती. तिची आणि मायची गट्टी जमली होती, दोघींचं दुःख एका घरचं नसलं तरी एका जातीचं होतं. ती कापूस पिंजायची आणि गाद्या शिवायची. घरात उर्दू बोलायची, मायशी मात्र तिची एक वेगळीच मिसळलेली भाषा होती. मायनं तिला एकदा विचारलं, तुला किती मिळतं गं दरसाल?

"आमच्यात दरसाल न्हाई, बाई," ती म्हणाली. "निकाह लागला तवाच मेहेर ठरतो. तो एकदा हातात दिला. मंग तलाकानंतर इद्दतचे दिवस घरात बसले, तेवढ्या दिवसांचा खर्चा दिला. मंग खलास."

"खलास म्हंजी? मंग जलमभर काय?"

"मंग मेरा मैं," ती हसून म्हणाली. "त्या पैशातून कमान घेतली पिंजायची. कमी पडतं. बिलकुल कमी पडतं. पर कोनाचं तोंड पाहायला जावं लागत न्हाई."

मला तेव्हा वाटलं, आपलं बरं, आपल्याला दरसाल मिळतं. मायला काय वाटलं ते पुढं दिसलं.

मामाच्या शेताच्या टोकाला, नाल्याला लागून एक पट्टी होती. हरळीनं भरलेली. हरळी ज्यानं खणली आहे त्यालाच माहीत, वरून गवत दिसतं आणि मुळं पाताळात. पट्टी कुणी पेरतच नसे. मामी जिभेची तिखट होती. तिच्या घरात आम्ही दोघी खात होतो, ज्वारी आमची असली तरी मीठ, तेल, सरपण तिचं होतं, आणि ते ती विसरू देत नसे. एकदा माय म्हणाली की ती पट्टी मला करू द्या. मामी चारचौघींत हसली. म्हणाली, "आक्का, हरळी काढून दावा, पट्टी तुमचीच."

झालं. माय उन्हाळाभर कुदळ घेऊन त्या पट्टीत होती. मीही होते. हाताला फोड आले, फुटले, परत आले. हरळीची मुळं काढून बांधावर वाळवायची आणि जाळायची. पिंजाऱ्याची लेक कधी कधी दुपारी पाणी घेऊन यायची आणि झाडाखाली बसून आम्हाला हसायची. मामी एकदा बघायला आली, बघून काही न बोलता गेली. शब्द चारचौघींत दिलेला होता. पट्टी मायची झाली.

आता बी पाहिजे होतं. मामाकडं मागितलं असतं तर त्यानं दिलं असतं, पण मामीच्या कणगीतलं बी म्हणजे पीकही मामीचं. मायकडं स्वतःचं म्हणावं असं धान्य एकच होतं. हस्ताचा पाऊस झाला, ओल चांगली धरली. एका सकाळी तिनं खावटीच्या पोत्यातली ज्वारी पाखडून, निवडून, फडक्यात बांधली आणि मला म्हणाली, चल. मामानं बैल दिले, तिफण दिली, आणि बी कुठलं हे विचारलं नाही. मामाची हीच रीत, विचारलं की उत्तर ऐकावं लागतं. मायनं तिफणीच्या चाड्यावर बियाची मूठ धरली. मी मागं चालत होते. दाणे तिच्या मुठीतून सुटत होते आणि ती हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटत होती. मी तिला इतकी मोकळी कधी पाहिली नव्हती.

मायची चूक अशी झाली. दाणा सगळ्या ज्वारीचा सारखाच दिसतो. पण बापाच्या घरची ज्वारी जुन्या वाणाची होती, तिची कणसं पोसली की मान खाली वाकवतात. आसपासच्या गावात दुसरं कुणी ती ज्वारी करत नसे, सगळ्यांची कणसं ताठ. माय त्या घरात पाच वर्षं राहिली होती, त्याच कणसांची खुडणी तिनं केली होती. पुढं मी तिला विचारलं, तुझ्या ध्यानात कसं आलं नाही? ती म्हणाली, "इतकी वर्सं पोत्यातला दानाच पाह्यला गं. कनीस इसरून गेल्ते."

पीक पोटरीत होतं तोवर कुणाला काही कळलं नाही. मग कणसं बाहेर पडली, भरली आणि एकेक करून वाकली. नाल्याच्या कडेनं शहागडच्या बाजाराला जायची गाडीवाट होती. बापाच्या गावच्या गाड्या तिथूनच जायच्या. कुणीतरी गाडी थांबवली असणार, खाली उतरलं असणार. मामानं एक दिवस पट्टीच्या कडेचं ज्वारीचं एक धाट मोडलेलं पाहिलं आणि तो घरी येऊन खाली बसला. म्हणाला, "आक्का, कनीस नेलं कोनीतरी."

आमची पेरणी उशिराची, त्यामुळं बापाचं खळं झालं तेव्हा मायचं पीक अजून शेतातच उभं होतं. खावटीला जायचा दिवस आला. रस्ताभर मामा तिला पढवत होता. "तू म्हन, भावानं बाजारातून बी आनलं. मी व्हय म्हनतो. बाजारात कोनाचं बी काय बी येतं." माय ऐकत होती. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

खळ्यावर त्या दिवशी बलुतेदार वाटा घेऊन गेले नव्हते, थांबले होते. गावातली आणखी माणसंही होती. काडीमोडीला बसलेल्या पंचांतले थोरले म्हातारे पंच मुद्दाम बोलावून आणलेले होते. बापाच्या हातात ते कणीस होतं. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा मायशी बोलला.

"हे वळखती का?"

मामा घसा खाकरून पुढं झाला, पण माय आधी बोलली. "वळखते. तुमच्याच ज्वारीचं हाय. खावटीतलं. म्या पेरलं."

मामानं कपाळाला हात लावला. आजी राशीपासून उठली, "बी आमचं तर पीक आमचं!" म्हणून ओरडली. म्हाताऱ्या पंचांनी हात वर करून तिला गप्प केलं.

"पोरी," ते म्हणाले, "खावटी पोटाला दिल्ती."

"पोटालाच पेरली, बाबा."

एक-दोघं हसले. पंच हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता तो, एवढं मला आज कबूल करावं लागतं. त्या दिवशी मला ते कणीस हिसकावून त्यांच्या तोंडावर फेकावंसं वाटत होतं. ते सावकाश बोलले, "हे बघ. जवर तू त्याचं खाती, तवर तू त्याच्या नावाची. काडी मोडली तरी. म्हनून खावटी. तू पेराया लागली, तर मंग तू कोनाची?"

पंचांनी तिला दोन वाटा सांगितल्या. पट्टीतलं उभं पीक कापून या खळ्यावर आणून टाकायचं आणि झाली चूक म्हणायचं, मग खावटी मरेपर्यंत चालू राहील. किंवा पीक ठेवून घ्यायचं, मग या खळ्यावर परत यायचं नाही.

आता एका पट्टीचं पीक ते केवढं? आणि पट्टी भावाच्या शेतातली, मामीच्या एका टोमण्यावर मिळालेली. उद्या मामीनं शब्द फिरवला तर? पाऊस आला नाही तर? चार पोती जन्माची एकीकडं आणि नाल्याकाठचा तो तुकडा एकीकडं. शहाण्याला विचार करायचीही गरज नव्हती. मामा तिच्या कानाशी लागला, "आक्का, देऊन टाक. पाया पडतो तुझ्या. जलमाचं जातंय."

माय खळ्याच्या कडेला खाली बसली. मला वाटलं ती रडणार. तिनं बलुतेदारांकडं पाहिलं आणि पंचांना विचारलं, "बाबा, ह्या सुतारानं हितून नेलेली ज्वारी पेरली, तर त्याला कोनी इचारतं का?"

"न्हाई. त्याची ती कमाई हाय."

"मंग म्या ह्या घरात पाच वर्सं दळलं, कांडलं, खुडलं, शेन काढलं, त्ये काय हुतं?"

सुतार जमिनीकडं बघायला लागला. पंचांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, परत डोक्यावर ठेवलं. मला वाटतं, आजही हेच चालतं. काम करताना बायको असते म्हणून मोल नाही, आणि सुटली की बायको नाही म्हणून मोल नाही.

माय उठली. "पीक ठेवते, बाबा. खावटी नको. पर तुमी मघाशी इचारलं ना, मंग मी कोनाची? त्ये सांगा. सगळ्यांसमोर सांगा, का आजपासून मी ह्यांच्या नावाची न्हाई."

म्हातारे पंच चाचरले. तोंडानं असं कधी कुणी मागितलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "न्हाई. आजपासून न्हाई."

बापानं माझ्याकडं पाहिलं. "आन् पोर?"

"पोर तुमचीच हाय," माय म्हणाली. "तिचं लगीन तुमी करा." आणि माझा हात धरून ती निघाली. गाडी रिकामी होती तरी आम्ही मामासोबत गाडीत बसलो नाही, चालतच आलो.

इथून पुढं सगळं छान झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. पट्टीतली ज्वारी आषाढातच संपली. माय लोकांच्या रानात निंदायला जायला लागली. मामीला बोलायला नवीन विषय मिळाला. भाजी बेताची करताना ती म्हणायची, चार पोत्यांवर लाथ मारलेल्यांच्या घरात बेतानंच राहावं. किती वेळा पिंजाऱ्याच्या लेकीनं गाद्यांच्या मजुरीतलं पीठ पदराखालून आणून दिलं. मी मायवर चिडायची. उपाशी पोटी मला तिचा मान दिसत नसे, रिकामं पोतं दिसायचं. पण मायनं पट्टी सोडली नाही. दरसाल तीच वाकड्या मानेची ज्वारी पेरली, आणि एखाद्या साली बरी पिकली की पिंजाऱ्याच्या घरी सूप भरून पाठवली.

माझं लग्न बापानं करून दिलं, आणि चांगलं करून दिलं. त्याचं तेवढं खरं सांगायला पाहिजे. मांडवात माय पाहुण्यासारखी मागं बसली होती.

रझाकारांची गडबड सुरू व्हायच्या आदल्या साली बाप गेला. मी तेव्हा मायकडं आलेली होते. माती उरकल्यावर निरोप घेऊन गडी आला, तो मायला काही म्हणाला नाही, मला सांगून निघून गेला. थोड्या वेळानं मामी गावातल्या बायका घेऊन आली. मायचं कुंकू पुसायचं आणि बांगड्या फोडायच्या, असं त्यांनी आपसांत ठरवलं होतं. दगडही आणलेला होता.

"हात पुढं करा, आक्का," मामी म्हणाली. तिचा आवाज त्या दिवशी तिखट नव्हता. रीत आहे ती पार पाडायची, एवढंच तिच्या मनात होतं.

मायनं दोन्ही हात पदरात घेतले. "न्हाई."

"असं कसं न्हाई? इतकी वर्सं कोनाच्या नावानं कुंकू लावलं?"

"पंचानं सांगितल्तं, ज्याचं खाती त्याच्या नावाची," माय म्हणाली. "त्या दिसापासून म्या त्याचं खाल्लं न्हाई."

बायकांत गलका झाला. कुणी म्हणाली असं कुठं असतं का, कुणी म्हणाली पाप लागंल. तेवढ्यात मामा ओसरीवरून उठून आत आला. आयुष्यात भांडणाला भ्यालेला माणूस. बायकोसमोर उभा राहून म्हणाला, "म्या हुतो तिथं. पंच बोलल्ते. माझ्या कानानं ऐकलंय. दगड बाहेर टाका." मामीनं त्याच्याकडं पाहिलं आणि दगड उचलून बाहेर नेला. एकेक करून बायका गेल्या.

घर रिकामं झालं. मला रडू फुटलं. कसाही असला तरी बाप होता. माय चुलीशी गेली, पीठ मळलं, भाकरी थापली आणि माझ्यापुढं ताट ठेवलं.

"खा," म्हणाली. "तुला सुतक हाय. उपाशी ऱ्हाऊ नको."

"आन् तुला?"

"मला न्हाई." आणि ती चुलीकडं तोंड करून रडायला लागली. मी तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं, काडीमोडीच्या गोष्टी सांगणाऱ्या बायकांनीही कधी सांगितलं नव्हतं. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

मी उठून भाकरी काढली. मला राग आला, कुणाचा ते आजही सांगता येत नाही. मी म्हणाले, "तू त्याच्या नावाची न्हाईस ना? मंग रडती कशाला?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. बांगड्या वाजल्या.

"रडायला का कोनाच्या नावाची असाया लागतं?" ती म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.